‘कशावरून?’ विचारणारा माणूस

रेवा आणि ईशान,

रेवा, रविवारी फोनवर तू सांगितलंस की कॉलेजात तू आकड्यांचा विषय घेतला आहेस, आणि पुढे एखाद्या मोठ्या रुग्णालयात बसून त्यांच्या माहितीचे तक्ते बनवायची नोकरी तुला आवडेल. मग जरा थांबून म्हणालीस, "आजी, तुला हे कसं समजावून सांगू?" नको सांगूस. हे काम करणारा एक माणूस माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे बसत होता. त्याची आठवण मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण त्याच्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पण आता तू त्याच वाटेने निघाली आहेस, तेव्हा लिहून ठेवते. ईशान, तूही वाच. मराठी वाचायला वेळ लागला तरी चालेल. त्याचं बोलणं इंग्रजीत उतरवायला गेले तर तो भलताच सभ्य वाटायला लागेल.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मेट्रन होते. म्हणजे सगळ्या सिस्टर माझ्या हाताखाली. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, म्हणून वरून आलेलं प्रत्येक इंग्रजी पत्र अधीक्षक माझ्याकडे सरकवत. या माणसाच्या नेमणुकीचं पत्रही मीच मोठ्याने वाचलं होतं. हुद्दा होता ‘बिझनेस इंटेलिजन्स डेव्हलपर’. हेडक्लार्क म्हणाले, "सरकारी दवाखान्यात बिझनेस कायचा? इकून राह्यले का काय दवाखाना?" दुसरे म्हणाले, "बिझनेस सोडा, इंटेलिजन्स पहा. गुप्त खात्याचा मानूस हाय." तो यायच्या आधीच त्याचं नाव सीआयडी पडलं. तेच मी इथे वापरते.

तो आला तो पुण्याहून, खाजगी बसने, एक बॅग आणि एक सायकलची साखळी घेऊन. सायकल नव्हती. साखळीचा उपयोग दुसऱ्या दिवशी कळला. संध्याकाळी जाताना तो आपली खुर्ची टेबलाच्या पायाला बांधून कुलूप लावून गेला. चाळिशी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला. बसायचा तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. आमच्या मावशींनी केलेला चहा तो घेत नसे. पाणी घरून आणायचा आणि बाटली टेबलावर न ठेवता पायांच्या मधे ठेवायचा.

चांगली नोकरी सोडून हा माणूस आमच्याकडे कंत्राटावर का आला, याच्या प्रत्येक वॉर्डात वेगळ्या कथा होत्या. कुणी म्हणे बायकोने हाकललं, कुणी म्हणे दक्षता विभागाने पाठवलं. मी एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला काय सांगितलंय लोकांनी?" मी म्हटलं, दोन-तीन गोष्टी ऐकल्या. "त्यातली जी पटते ती ठेवा," एवढं बोलून तो पुन्हा पडद्याकडे वळला. मला एकही पटली नव्हती. अजून पटलेली नाही.

त्याचं काम असं होतं. केसपेपरच्या खिडकीत, औषध भांडारात, प्रयोगशाळेत जे काही संगणकात भरलं जाई ते सगळं एकत्र करून तो एका पडद्यावर मांडायचा. किती लोक आले, कशाने आले, कुठलं औषध किती गेलं. चौकोनांत आकडे, उंच-बुटके खांब आणि रंग. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. अधीक्षकांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला होता. ते बिचारे सकाळी आधी देवाच्या फोटोला हात जोडत आणि मग पडद्याकडे भीतभीत बघत.

सीआयडीचा स्वतःचा त्या पडद्यावर विश्वास नव्हता. कुठलीही गोष्ट सांगा, तो डोळे बारीक करून विचारायचा, "कशावरून?" सिस्टर म्हणाली आज गर्दी आहे, की "कशावरून?" हेडक्लार्क म्हणाले, साहेब रजेवर आहेत, की "कशावरून?" एकदा मावशी वैतागून म्हणाल्या, "अवो सर, मी बाई हाय, हे तरी पटते ना?" तो कधी नव्हे ते हसला.

एका सकाळी तो रांगेत उभा राहिला, खिडकीत स्वतःचं नाव सांगून डोकेदुखीचा केसपेपर काढला आणि पडद्यासमोर येऊन बसला. आपण आकड्यांत कुठे उगवतो ते त्याला बघायचं होतं. तो उगवला गरोदर मातांच्या तपासणीत. खिडकीतल्या पोराने घाईत आधीच्या बाईचा विभाग तसाच राहू दिला होता. ही गोष्ट तासाभरात सगळीकडे पसरली. दुपारी बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी त्याच्या टेबलावर लोहाच्या गोळ्यांची पट्टी नेऊन ठेवली. त्याने ती उलटी-पालटी करून बघितली, मुदतीची तारीख वाचली आणि विचारलं, "ही भांडारातून कुणाच्या नावावर काढली?"

असा माणूस कुणाला आवडणार? मलाही आवडत नव्हता. मी शिस्तीची आहे, पण शिस्त म्हणजे पाळत नव्हे. माझ्या सिस्टरांवर तो पाळत ठेवतोय असं मला वाटे, आणि म्हणून मी त्याच्यावर ठेवत असे.

मग ते कपाशीचं वाईट वर्ष आलं. बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवली होती. झाडं माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली. एरवी औषध खाली फवारतात, त्या वर्षी ते वर तोंड करून फवारावं लागे, आणि फवारलेलं सगळं अंगावर, डोळ्यांत, नाकात येई. राळेगावकडून, कळंबकडून, दारव्ह्याकडून माणसं यायला लागली. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, अंग घामाने निथळणारं. अशा रोग्याला ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. एक देऊन भागत नाही. लाळ सुकेपर्यंत, छाती मोकळी होईपर्यंत देत राहायचं असतं.

पुरुषांच्या वॉर्डात तेव्हा रझिया सिस्टर होती. दारव्ह्याची. तिचे मिस्टर पाण्याच्या मोटारी आणि पंखे यांच्या जळालेल्या तारा नव्याने गुंडाळून देण्याचं दुकान चालवत. रझियाचा आवाज मोठा, चाल त्याहून मोठी. रोगी तिला घाबरत, डॉक्टर तिला विचारून पुढे जात. तिची इन्चार्ज होण्याची पाळी आली होती, फक्त सही व्हायची होती.

आणि एका सकाळी अधीक्षकांच्या भिंतीवर एक चौकोन लाल झाला. रझियाच्या वॉर्डात ॲट्रोपिन ढिगाने जात होतं, आणि विषबाधेचे रोगी मात्र पडद्यावर मोजकेच होते. उरलेली इंजेक्शनं गेली कुठे?

अधीक्षकांनी सीआयडीला विचारलं, याला काय म्हणायचं? तो म्हणाला, "गळती." एवढाच शब्द. तो पडदा बघून बोलला होता, माणूस बघून नव्हे. पण खोलीत बसलेल्या सगळ्यांना त्या शब्दामागे रझियाचा चेहरा दिसला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘गळती’ची ‘चोरी’ झाली होती. संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, तिच्या मिस्टरांच्या दुकानात आजकाल लई गर्दी असते, कायची असते पहायले पाहिजे. अधीक्षकांनी तिला खुलासा मागितला आणि मला सांगितलं की तो नीट आला नाही तर ते निलंबनाचा कागद वर पाठवणार.

रझिया माझ्या खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली.

"बाई, मी काय ते इंजेक्शन खाऊन राह्यली का? का बिर्याणीत टाकून राह्यली?"

"वॉर्डातले कागद आहेत ना, कुणाला किती दिलं ते?"

"हायेत ना. साहेब म्हणते, कागद का, तो मागूनही लिहिता येते. डॉक्टरले विचारा म्हटलं, तर साहेब म्हणते तुमचाच डॉक्टर हाय. आता पेशंटले उठवून आनू का घरून?" मग तिचा आवाज खाली आला. "बाई, माह्या पोरीचं जमून राह्यलं. सासरवाले विचारतीन, माय काहून घरी बसली. का सांगू?"

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

मी सरळ भिंतीपलीकडे गेले. सीआयडीला सांगितलं, की तुमच्या एका शब्दाने एका बाईची नोकरी आणि नाव दोन्ही जायची वेळ आली आहे. तो म्हणाला, "मी तिचं नाव घेतलं नव्हतं."

"घ्यावं लागत नाही. इथे वॉर्ड म्हटलं की नाव येतं."

तो पडद्याकडे वळला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माझ्या दारात उभा. आत येण्याआधी त्याने व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"मॅडम, मला माझ्या चौकोनाचा संशय येतोय."

"कशावरून?" मी विचारलं. त्याला हा प्रश्न विचारण्याचा आनंद मी सोडणार नव्हते.

"पाऊस पडला की चोर घरी बसतो का?"

मला कळेना. त्याने समजावलं. भांडारातून काही गळत असेल तर ते रोज थोडं थोडं गळतं, चोराला सवय असते. पण हे ॲट्रोपिन झडीच्या दिवसांत जवळजवळ थांबत होतं आणि ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी उसळत होतं. त्याने पडद्यावर इंजेक्शनांच्या रेषेखाली पावसाची रेष लावून बघितली होती. एक वर गेली की दुसरी खाली. "असा हवामान बघून चोरणारा चोर मी पाहिलेला नाही," तो म्हणाला.

पुण्याच्या माणसाला ते कोडं होतं. मला नव्हतं. माझं माहेर शेतीचं. पावसात कुणी फवारत नाही, औषध धुऊन जातं. ऊन पडलं की सगळे एकदम पंप पाठीला लावतात. म्हणजे इंजेक्शनं फवारणीच्या रोग्यांनाच जात होती. मग ते रोगी पडद्यावर का नव्हते?

"कारण ते दुसऱ्या नावाने आत येतात," तो म्हणाला. "डोकेदुखीचा माणूस गरोदर होऊ शकतो, तर विषबाधेचं काहीही होऊ शकतं. चला, बसून बघू."

अधीक्षकांना त्याने सोबत यायला सांगितलं. ते म्हणाले, मी काय बाकावर बसू? म्हणून मी गेले. पांढऱ्या साडीवर घरची शाल घेतली आणि त्याच्या शेजारी, रांगेतल्या बाकावर, खिडकीपासून हातभर अंतरावर बसले. त्याने मानेला रुमाल बांधला होता, रोगी वाटावं म्हणून. तो रोगी वाटत नव्हता, चोर वाटत होता.

कळंबकडची एक जीप दारात येऊन थांबली. दोघांनी मिळून एका माणसाला उतरवलं. शर्ट भिजलेला, मान एका बाजूला पडलेली, तोंडातून लाळेची तार. त्या शर्टाचा वास बाकापर्यंत आला. कपाशीच्या मुलखात राहिलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. बरोबर शेताचा मालक होता, आणि खिडकीत तोच पुढे झाला.

"काय होऊन राह्यलं?" खिडकीतल्या पोराने विचारलं.

मालकाने तोंड उघडलं. मग त्याची नजर डावीकडे गेली. खिडकीच्या अगदी लगत स्टूल टाकून पोलीस चौकीचे जमादार चहा पीत बसले होते. मालक परत खिडकीकडे वळला.

"उलट्या, साहेब. सकाळपासून उलट्या. शिळं खाल्लं असन यानं."

"पोरीचं लगन हाय का घरी, शिळं खायले?" जमादार हसून म्हणाले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी उठून त्या रोग्याला आपलं स्टूल दिलं. मालक आणखीच घाबरला. पोराने बटण दाबलं. उलटी.

मुलांनो, हे नीट समजून घ्या. विषबाधा म्हटली की कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं. मालकाला वाटे, मजूर माझ्या शेतात पडला, आता केस माझ्यावर. मजुराच्या बायकोला वाटे, यानं स्वतःच प्यायलं असं लिहितील. म्हणून जो कुणी खिडकीशी येई तो उलटी म्हणे, चक्कर म्हणे, ऊन लागलं म्हणे. वॉर्डात नेल्यावर रझिया एक नजर टाकी, शर्ट कापून काढी, साबणाने अंग धुवी, डॉक्टरला हाक मारी आणि इंजेक्शन सुरू होई. वॉर्डात संगणक नव्हता. पडद्याला फक्त खिडकीतली उलटी ठाऊक, आणि भांडारातून गेलेलं इंजेक्शन.

आम्ही त्या माणसामागोमाग वॉर्डात गेलो आणि हेच सगळं डोळ्यांनी बघितलं. सीआयडी पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. रझियाने हातातलं काम न थांबवता विचारलं, "का मोजून राह्यले, साहेब? मोजा. हे तिसरं." त्याने मान खाली घातली. तो माणूस वाचला. बऱ्याच दिवसांनी डोळे चोळत घरी गेला.

मला वाटलं, आता अधीक्षकांना सांगितलं की झालं. पण सीआयडी म्हणाला, "एका माणसावरून काय ठरतं? तुम्ही तिच्या बाजूच्या. माझं म्हणाल तर मीच गळती म्हणालो होतो. साहेब विचारतील, कशावरून? जमादार तिथून उठले आणि आकडा बदलला, तरच खरं."

जमादारांना हलवायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नव्हता. ते तिथे का बसत, हे मात्र मला माहीत होतं. त्या व्हरांड्यात चालू असलेला पंखा तो एकच, खिडकीवरचा. पूर्वी कुणीतरी प्रेमाने त्यांना तिथे स्टूल दिलं आणि ते तिथलेच झाले.

मी पंखा दुरुस्तीला पाठवला. तो खरंच कुरकुरत असे, त्यामुळे मी काही खोटं लिहिलं नाही. सीआयडीने फक्त बजावलं, "तिच्या मिस्टरांच्या दुकानात नको. उद्या म्हणतील, सगळं कुटुंबच सामील होतं." पंखा दुसरीकडे गेला. मागच्या बाजूच्या खोलीत मी एक पंखा लावून घेतला. दुसऱ्याच दिवशी जमादार आपलं स्टूल उचलून, "बाई, इथं तं भट्टी झाली" म्हणत मागे गेले. पोलिसांना कळवायचं ते कळवलं जातच होतं, पण आता वॉर्डातून, इंजेक्शन सुरू झाल्यावर.

खिडकीत बोलणं बदललं. एकदम नाही. आधी लोक सवयीने डावीकडे बघत, तिथे कुणी नाही म्हटल्यावर आवाज खाली करून सांगत, "फवारनीचं औषध लागलं जी." पडद्यावर उलटीचा खांब खचत गेला, विषबाधेचा चढत गेला, आणि एका सकाळी ॲट्रोपिनचा चौकोन हिरवा झाला.

अधीक्षकांनी रझियाला बोलावून सांगितलं, खुलाशाची गरज नाही. माफी वगैरे काही नाही. तिच्या इन्चार्जच्या कागदावर सही झाली. पण विषबाधेचा तो उंच खांब त्यांना आता झोपू देईना. वरून फोन यायला लागले की तुमच्याकडेच एवढी विषबाधा कशी? ते सीआयडीला म्हणाले, "आधी एक चोर होता, ते परवडत होतं. तुम्ही तर साथ आणून ठेवली." मग गोड आवाजात सुचवलं की उलटी आणि विषबाधा असे दोन खांब कशाला, पोटाचे विकार व इतर असा एकच करा.

मी तिथे होते. सीआयडीने डोळे बारीक केले. "करतो. पण मग ॲट्रोपिनचा चौकोन परत लाल होईल. तेव्हा चोर कोण म्हणायचं, तेवढं आधी ठरवून द्या."

दोन्ही खांब राहिले. त्याचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही.

त्याच्या शेवटच्या आठवड्यात रझिया डबा घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली. मी दारातून बघत होते. तिने झाकण उघडलं. शीरखुर्मा होता. त्याने वाकून वास घेतला आणि विचारलं, "हे कशासाठी?"

"खा साहेब, जहर नाही त्यात. अन् असलं तरी इंजेक्शन माह्याजवळ हाय."

त्याने खाल्लं. सगळ्यांच्या देखत, आमच्या रुग्णालयात पहिल्यांदा त्याने कुणाच्या हातचं काही खाल्लं. डबा पुसून खाल्ला. मग म्हणाला, "साखर कमी आहे." रझिया म्हणाली, "कशावरून?" आणि जमलेले सगळे हसले. तो हसला की नाही, ते मला तेव्हा दिसलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच तो दाराकडे पाठ करून बसला होता.

हे सगळं त्याने रझियासाठी केलं, की चुकीचा आकडा सहन झाला नाही म्हणून केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "दोन्हींत फरक पडतो का?" मला वाटतं, पडतो. रझियाला वाटतं, नाही पडत. नोकरी तिची जाणार होती, तेव्हा तिचं मत जास्त धरावं. तो पुढे कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. त्याने पत्ता ठेवला नाही, आणि ठेवला असता तरी तो खरा आहे हे आम्ही कशावरून धरलं असतं?

मी निवृत्त झाले. अधीक्षक बदलले. जमादारांच्या जागी दुसरे आले, तेही मागेच बसतात. गेल्या महिन्यात रक्त तपासायला गेले तेव्हा अधीक्षकांच्या खोलीतला पडदा दारातून दिसला. नवा आहे, रंग वेगळे आहेत. उलटी आणि विषबाधा हे दोन खांब त्यावर अजून वेगवेगळे उभे आहेत.